तक्त्यावर रखमा कुठे?

जुईनगरच्या आतल्या रस्त्यावर एक लांबट, पत्र्याच्या छपराचं चर्च आहे. नवी मुंबईत माणसाला घर मिळता मिळत नाही, तिथे देवाला प्लॉट कुठून मिळणार? म्हणून या एकाच छपराखाली तीन मंडळ्या गुण्यागोविंदाने, म्हणजे एकमेकींचं तोंड न बघता, नांदतात. रविवारी सकाळी जुनी मराठी मंडळी. तिचे पाळक निशांत शिरसाठ, तरुण आणि खूप शिकलेले. दुपारी भगवान मास्तरांची मोजकी माणसं. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, तरी शिकवायचं काही सोडलेलं नाही. संध्याकाळी पास्टर प्रितेशची मंडळी, गिटार, ढोल आणि टाळ्या. आणि या तिघांसाठी दारं उघडणारा, बाकडी हलवणारा, माइक लावणारा आणि रविवारभर धावपळ करून चपला झिजवणारा एकच माणूस, चांगदेव देठे.

चांगदेव मूळचा नेवाशाकडचा. आजोबांच्या वेळेपासून घर ख्रिस्ती, पण नावं सगळी गावातलीच राहिली. ऐन तारुण्यात तो पावण्याला रंगाचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात लागला. कारखान्याच्या फाटकाशी दुपारी टोपली घेऊन एक मुलगी बसायची, पावणे गावातली, आगऱ्यांची रखमा. जवळा आणि सुकट विकायची. चांगदेवला सुकट आवडायची असं काही नाही. पण त्या वर्षी त्याने इतकी सुकट विकत घेतली, की त्याच्यासोबत राहणाऱ्या पोरांनी त्याचं अंथरूण गॅलरीत टाकलं. दोघांनी कोर्टात लग्न केलं. तिच्या घरचे वर्षभर रुसले आणि मुलगी झाल्यावर टोपलीभर निवट्या, खाडीतले मासे, घेऊन आले. मुलीचं नाव मनस्वी. तिचा बाप्तिस्मा झाला. रखमाचा झाला नाही.

का नाही, याला तसं काही मोठं कारण नव्हतं. लग्न झालं तेव्हा चांगदेवने विचारलं होतं, आणि रखमा म्हणाली होती, "बगू नंतर." गावदेवीची पालखी निघाली की ती माहेरी जायची, नाताळात इथे करंज्या तळायची. कारखाना बंद पडल्यावर चांगदेवला चर्चची नोकरी मिळाली, मागची खोलीही मिळाली, आणि चर्च झाडायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. ती दर रविवारी शेवटच्या बाकावर बसते. प्रभुभोजनाची, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनी भाकर आणि द्राक्षारस घ्यायची, वेळ झाली, की सगळे उठून पुढे जातात आणि ती एकटी बसून राहते. चांगदेवला तिच्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे जायची इतकी सवय झालेली, की त्यात काही वेगळं आहे हे त्याच्या ध्यानातही येत नसे.

ते ध्यानात आलं एका तक्त्यामुळे.

तिन्ही मंडळ्यांची मतं कितीही वेगळी असली, तरी एका गोष्टीची गोडी सगळ्यांना सारखीच. जगाचा शेवट. युद्धाची बातमी आली, भूकंप झाला, मोबाइलमध्ये काही नवीन निघालं, की दोन रविवार तोच विषय. भगवान मास्तर आणि पास्टर प्रितेश या दोघांकडे त्यावर एकेक भला मोठा फ्लेक्स होता. दोन्ही वाशीच्या एकाच दुकानात छापलेले. डावीकडे एदेन बाग, उजवीकडे सोन्याचं शहर, आणि मध्ये बाण, आग, कर्णे वाजवणारे दूत, सात डोक्यांचं श्वापद. गुंडाळी करून ते खोळीत ठेवलेले असत. रखमाने जुना पडदा फाडून दोन्ही खोळी शिवल्या होत्या आणि ओळखायला एकीला लाल नाडी घातली होती, दुसरीला निळी. उपासनेआधी चांगदेव हवा तो तक्ता काढून भिंतीवर टांगायचा. त्यावर काय आहे हे त्याने कधी नीट वाचलं नव्हतं. बस चालवणारा सगळ्या पाट्या वाचत बसतो का?

एकदा रखमाने खोळी धुतल्या. परत घालताना चांगदेवने अदलाबदल केली. दुपारी मास्तरांनी तक्ता मागितला नाही, पण संध्याकाळी त्यांचा तक्ता पास्टर प्रितेशच्या पाठीमागे लागला.

प्रितेशची सवय अशी, की तो माणसांकडे तोंड करून बोलायचा आणि काठी मागे न बघताच तक्त्यावर ठेवायचा. "आणि इथे!" तो रंगात येऊन म्हणाला, "संकट सुरू व्हायच्या आधी प्रभू आपल्याला वर उचलून घेणार!" काठी बसली ती नेमकी अशा चित्रावर, जिथे विश्वासणाऱ्यांना साखळदंड घालून नेत होते. मंडळीत चुळबुळ झाली. पुढच्या ओळीतल्या एका बाईंनी हात वर केला. "पास्टर, आपण अजून खालीच आहोत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. प्रितेशने वळून बघितलं, त्याचा चेहरा पडला, आणि त्या दिवशीचं प्रवचन गाण्यावर आटोपलं.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम आला. चांगदेवला वाटलं, आता नोकरीवर गदा येणार. पण प्रितेश मनाचा चांगला होता. त्याने दोन्ही तक्ते फरशीवर शेजारी शेजारी पसरले आणि मांडी घालून बसला. "काका, इतकी वर्षं टांगताय. फरक काय आहे माहितीये का तुम्हाला?"

"नाही बा," चांगदेव खरं तेच बोलला.

"हे बघा. मास्तर म्हणतात, मंडळी महासंकटातून जाईल आणि शेवटी प्रभू येईल. आम्ही म्हणतो, आधी उचलले जाणार, मग संकट. क्षणात. डोळ्याचं पातं लवतं ना, तेवढ्यात. एक माणूस असेल, दुसरा नसेल. तुम्ही बाकडं पुसताय, आणि गेलात वर. फडकं खाली."

चांगदेवने वर जाणाऱ्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांकडे पाहिलं. मग खाली राहिलेल्यांकडे पाहिलं. खाली काळं आभाळ होतं आणि ती माणसं तोंडावर हात घेऊन उभी होती. त्यात एक बाई होती, लुगड्यातली. छापणाऱ्याने कुठून तरी उचलून चिकटवली असणार.

"पास्टर," तो म्हणाला, "मग रखमा?"

 प्रितेश काठीने फरशीवर रेघा ओढत बसला. "काका, म्हणूनच तर सांगतो," तो शेवटी हळू आवाजात म्हणाला. "काकूंचा बाप्तिस्मा होऊ द्या. वेळ आहे तोवर. मला खोटा दिलासा देता येत नाही हो."

चांगदेव त्या दिवशी जेवला नाही. मनस्वी वर, तो वर, आणि रखमा त्या काळ्या आभाळाखाली एकटी. हे चित्र एकदा डोक्यात शिरलं ते निघेना.

त्याने भगवान मास्तरांना गाठलं. मास्तरांनी चष्मा पुसून सगळं ऐकून घेतलं. "प्रितेश अजून लहान आहे," ते म्हणाले. "प्रभू चोरवाटेने काही येत नाही. कर्णा सगळ्यांना ऐकू येणार. तोपर्यंत संकट आलं तर ते सगळ्यांनाच."

"म्हंजी तोवर मी तिच्याजवळच?"

"तोवर जवळच."

"आणि कर्णा वाजल्यावर?"

मास्तरांनी चष्मा परत घातला. "त्यानंतर न्याय. तिथे प्रत्येकाला आपापला."

म्हणजे उशिरा का होईना, ताटातूट होतीच. चांगदेव निशांत पाळकांकडे गेला. ते म्हणाले, की बायबलातलं ते शेवटचं पुस्तक रोमी राजवटीत छळ सोसणाऱ्या माणसांना धीर द्यायला लिहिलं होतं. श्वापद म्हणजे तो जुलूम. त्यातली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं हा काही हिशोब नाही, ते राज्य आत्ताही चालूच आहे. तारखा आणि तक्ते काढायला ते लिहिलेलंच नाही. बोलले खूप गोड. चांगदेवला निम्मं कळलं.

"साहेब, ते सगळं असू द्या. रखमा माझ्यासंगं असंल का नसंल? हो का नाही, तेवढं सांगा."

"चांगदेवकाका, मला माहीत नाही. न्याय करणारा दयाळू आहे एवढं माहीत आहे."

चांगदेवला राग आला. बाकीच्या दोघांकडे निदान तक्ता तरी होता. एवढं शिकून हा माणूस माहीत नाही म्हणतो! तो तोंडावर काही बोलला नाही, पण त्या आठवड्यात पाळकांच्या खुर्चीवरची धूळ तशीच राहिली.

खरं तर त्याने सरळ रखमाशी बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? तुला बाहेर ठेवून मला आत घेणार आहेत, असं बायकोला सांगायचं कसं? चांगदेव मुळात मिटल्या तोंडाचा माणूस. त्याने स्वतःपुरता एक मार्ग काढला. आपण अचानक गेलो, तर मागे रखमाचं अडायला नको.

मग त्याने तिला शिकवायला सुरुवात केली. मोबाइलवरून गॅसचा सिलिंडर कसा लावायचा. टाकीची मोटर कधी बंद करायची. एटीएममध्ये कार्ड कुठल्या बाजूने घालायचं. "चार आकडे ध्यानात ठेव, कुणाला सांगू नको," असं बजावत तो तिला बँकेच्या बाहेर उभं करायचा. चर्चच्या किल्ल्यांना त्याने रंगीत दोरे बांधले. फ्यूज गेला तर काय करायचं ते स्टुलावर चढून दाखवलं. वाशीच्या सरकारी दवाखान्यात कुठल्या खिडकीवर केसपेपर मिळतो, तेही स्वतः नेऊन दाखवून आणलं. उरलेल्या वेळात तो नुसता तिच्याकडे बघत बसायचा. बाजारात निघाली की मागोमाग निघायचा. मासे घ्यायला ती वाकली, की तो तिच्या पदराचं टोक धरून उभा.

"काय झालं यांना?" मासळीवाली हसली.

रखमा हसली नाही.  तिचा बाप जायच्या आधी असाच वागला होता. होडी कुणाला द्यायची, जाळं कुठं ठेवलंय, सगळं एकेकाला सांगून ठेवलं आणि मग कळलं की घशात गाठ आहे. तिने चांगदेवच्या नकळत मनस्वीला फोन लावला. "तुजा बाबा जातोय," ती म्हणाली. "मना काय सांगत नाय. तू ये."

मनस्वी धावत आली. आल्या आल्या बापाला स्कूटरवर घालून तिने तपासायला नेलं. रक्त, लघवी, छातीची ईसीजीची पट्टी, सगळं झालं. चांगदेवला वाटलं, पोरीला अशीच काळजी वाटली असेल. संध्याकाळी रिपोर्ट आले. साखर थोडी वाढलेली, बाकी माणूस ठणठणीत.

"मग हे काय चाललंय, बाबा?" मनस्वीचा आवाज चढला. "आई इथे रडून रडून अर्धी झालीये. गॅस काय, एटीएम काय! कुठे निघालात तुम्ही?"

आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चांगदेव खोलीच्या उंबऱ्यावर बसला आणि खाली बघत सगळं सांगत गेला. तक्ता, काठी, वर जाणारी माणसं, फडकं खाली, ती लुगड्यातली बाई.

रखमा आधी हसली. अशी हसली, की भिंतीला पाठ टेकवून खाली बसली. "म्हंजे तुमी मरत नाय! तुमी आभालान चाललाव!" तिने डोळे पुसले, परत हसली, परत पुसले. मग पुसतच राहिली. हसू कधीच संपलं होतं.

"इतक्या वर्षांन मना एकदा पन बोलला नाय," ती म्हणाली. "मी आपली झाडतंय, पुसतंय, बाकड्यावर बसतंय. मना वाटलं मी तुमच्यासंगं बसलेय. आनि तुमी मनान मना बाहेर बसवली."

 मनस्वी चहा टाकायच्या निमित्ताने उठली. चांगदेवच्या छातीत कळ आली, पण ती छातीच्या पट्टीत दिसणारी नव्हती. त्याला म्हणायचं होतं, की मी तुला बाहेर नाही बसवली, मला तर तुझ्यावाचून आत जायचंच नाहीये. पण त्याने नुसता उठून तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमा नेहमीसारखी उठली. चर्च झाडलं, बाकडी पुसली, निशांत पाळकांच्या खुर्चीवरची आठवड्याची धूळसुद्धा पुसली. मग फडकं पिळून वाळत घातलं आणि चांगदेवच्या समोर येऊन उभी राहिली.

"मी घेतंव बाप्तिस्मा. त्या पोराला फोन करा, प्रितेशला."

चांगदेवने हातातला कप खाली ठेवला.

"खारीच्या पाण्यानच बुरवतात ना? मना खारीची काय भीती? जल्मलेय तिथं. तुमचं टेन्शन एकदाचं जाऊ दे. जेवा मग नीट."

ज्या गोष्टीची त्याने इतके दिवस आतल्या आत वाट पाहिली, ती दारात उभी होती. त्याने फोन हातात घेतला. प्रितेशचा नंबर काढला. प्रितेश आनंदाने वेडा झाला असता. पुढच्याच रविवारी भरती बघून सगळी मंडळी खाडीवर आली असती, गिटार घेऊन. रखमाला पांढरी साडी लागली असती. चांगदेवला ती पांढऱ्या साडीत, ओल्या केसांनी पाण्यातून वर येताना दिसलीसुद्धा. आणि मग प्रभुभोजनाला तिच्या गुडघ्यांना वळसा न घालता दोघं एकत्र उठून पुढे.

बेल वाजायच्या आत त्याने फोन खाली ठेवला.

"रखमे, एक इचारू? प्रभूवर इश्वास हाय का तुझा?"

 पदराने हात पुसत रखमाने खरोखरच विचार केला. "चांगला हाय तो," ती म्हणाली. "मी त्याचं घर झाडतंय, मना ठाऊक नाय होय? पन इश्वास म्हनाल तर... तुमच्यावर हाय. तुमी म्हनताव म्हनून त्याच्यावर."

"पाण्यात उतरल्यावर पास्टर हेच इचारल. सगळ्यांम्होरं."

"मी हाव म्हनेन."

"आन् ते खोटं असंल."

"असू दे! तुमच्यासाठी एक खोटं बोलले तर काय झालं? फाटकावर तुमाला शिलं सुकट ताजं म्हनून किती विकलंय मी!"

चांगदेवला हसू आलं, आणि त्याच हसण्यात डोळे भरले. किती सोपं होतं. एक शब्द, एक बुडी, आणि तक्त्यावरची ती लुगड्यातली बाई पुसली गेली असती. मास्तर खूश, प्रितेश खूश, तो रात्री निवांत झोपला असता. पण ज्या देवासमोर तो जन्मभर बाकडी पुसत आला होता, त्याच्यापुढे रखमाला खोटं बोलायला उभं करायचं, आणि तेही स्वतःच्या भीतीपायी? ते त्याच्याने होईना.

"नगं," तो म्हणाला. "तुला आतून वाटंल तवा घे. नाही वाटलं तर नगं घेऊ. मला भ्या वाटतं म्हणून तू बुडायचं नाही."

"आनि तुमचं भ्या?"

"ऱ्हाईल माझ्यापाशी."

रखमा त्याच्याकडे बघत राहिली.  मग शेगडीकडे वळली आणि भात चढवला. दुपारी मनस्वी परत निघायच्या आधी तिघं जेवायला बसली. ताटात भाकरी, बोंबलाचं कालवण आणि बारीक चिरलेला कांदा.

देठ्यांच्या घरात जेवणाआधीची प्रार्थना आजोबांच्या काळापासून ठरलेली. अन्नासाठी आभार, आजाऱ्यांसाठी विनंती, आणि शेवटी, प्रभू येशू, लवकर ये. चांगदेवच्या बापाने ती म्हटली होती, आजोबाने म्हटली होती. दुष्काळात त्यांच्या पोटात काही नसायचं, तेव्हा त्या 'लवकर' शब्दाला मोठा अर्थ असणार. चांगदेवने डोळे मिटले. आभार मानले. साखर वाढलेल्या सगळ्यांसाठी विनंती केली, तेव्हा मनस्वीने नाकातून आवाज काढला. आणि शेवटचं वाक्य आलं तेव्हा त्याची जीभ अडली.

 कालवणाची वाफ निवत होती. मनस्वीने एक डोळा उघडून बापाकडे पाहिलं.

"प्रभू," चांगदेव म्हणाला, "तू कधी येणार, आधी का मागून, ते तुझं तुला ठाऊक. मला त्यातलं काही कळत नाही. पर आलास, आन् माझ्या एकट्याचं नाव घेतलंस, तर मला हितंच ऱ्हाऊ दे. हिला सोडून मी येत नाही."

रखमाच्या हातातली पळी कालवणाच्या पातेल्यात तशीच राहिली. तिने ती बाजूला ठेवली, ओले हात पदराला पुसले आणि नवऱ्याच्या शेजारी हात जोडून बसली.

"आयकलंस ना?" ती वर बघून म्हणाली. "मंग आता दोघांचं एकदम बग."